लावला का?

जावई तसा काळजी घेणारा माणूस. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात पाकीट दिलं तरी त्याला लवकर सोडत नाही. "जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी नाही. आतला कागद वाचा." लोक वैतागतात, पण वाचतात. आता अशा माणसाच्या हातून हे व्हावं, म्हणजे काय बोलायचं!

सासरी त्याला जावई म्हणून कुणी वागवत नव्हतं, आणि त्याला त्याचंच सुख होतं. आईवडील लहानपणीच गेलेले. काकाच्या घरी वाढला, तिथं सगळे त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं गोड बोलायचे. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आला, तर सासऱ्यानं शिलाई मशीनवरून मान वर केली आणि म्हणाला, "आलास? तो दिवा जरा इकडं सरकव." बस्स. ना या, ना बसा. सासरा शिंपी, बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्याचं मशीन, आणि दिवसभर कात्री हातात. त्या दिवसापासून अरे-तुरे. 'लेका' म्हणून हाक, आणि चुकलं की चार माणसांत खरडपट्टी. दुसरा जावई असता तर रुसून बसला असता. हा पठ्ठ्या दुकानातल्या पोरांना फुशारकीनं सांगायचा, "आमचे बाबा मला अस्सा झापतात ना!" ते अरे-तुरे त्याला जिवापेक्षा प्यारं होतं, हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं आणि तिला त्याचं हसू यायचं.

तर एका रविवारी तो सासरी मोठा टीव्ही घेऊन आला. जुना खोक्यासारखा टीव्ही आधी आवाजानं गेला, मग चित्रानं गेला, आणि शेवटी सासूबाई त्याच्यावर धुतलेले टॉवेल ठेवायला लागल्या होत्या. नवा बसवायला माणूस बोलवू या, असं सासरा म्हणाला. "माणूस कशाला? मी आहे ना," जावई म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर काम त्यानं झकास केलं. पलंगावर चादर अंथरली, पडदा खाली करून टीव्ही अलगद पालथा ठेवला, डाव्या-उजव्या पायांची खूण बघून स्क्रू पिळले. उचलताना बायकोला म्हणाला, "कडेला धर, काचेवर बोटं दाबू नकोस." ओढायच्या कप्प्यांच्या बुटक्या कपाटावर टीव्ही उभा केला. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवलं. मेहुणीनं कुठून तरी एक्स्टेन्शन बोर्ड आणला, तो परत पाठवला आणि प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातला. सासूबाई क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी घेऊन सजवायला आल्या.

"आई, वर कापड नको. पाठीमागून गरम हवा बाहेर पडते त्याची. आणि पाणी तर जवळसुद्धा नको."

"अगं बाई! एवढे लाड आम्ही जावयाचेही केले नाहीत," सासूबाई म्हणाल्या आणि फुलदाणी परत घेऊन गेल्या. सगळे खो खो हसले. जावयाची छाती चार बोटं फुगली.

राहिली शेवटची पिशवी. तीत एक पट्टा होता, टीव्हीची पाठ भिंतीला बांधून ठेवायचा. सोबतच्या कागदावर चित्र होतं. एक मूल कपाटाच्या कप्प्यांवर पाय देऊन चढतंय, टीव्ही त्याच्यावर कलतोय, आणि वर मोठी फुली. सासऱ्यानं चष्मा लावून ते चित्र नीट बघितलं. मेहुणीची धाकटी त्याच्या कडेवर होती. मेहुणी जवळच राहायची आणि कामावर जाताना लेकीला आईबापांकडे ठेवायची. पोरगी नुकतीच चालायला लागलेली, आणि चालायची कुठली, नुसती गरगरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

"हा पट्टा लाव लेका, विसरू नकोस," सासरा म्हणाला. "ही बया कशावरही चढते. तो लागेपर्यंत मी हिला खाली सोडत नाही." आणि नातीला घेऊन आतल्या खोलीत गेला.

पट्ट्यासाठी भिंतीला भोक पाडायचं होतं. ड्रिल खालच्या सुताराकडे होतं, जिना उतरून मागून आणायचं, एवढंच. पण इकडे सामना सुरू होण्याची वेळ झाली होती. शेजारचे दोघंतिघं चपला काढून येऊन बसले होते. मेहुणी म्हणत होती, "भावोजी, लावा ना पटकन, नाणेफेक तरी बघू दे." जावई म्हणाला, चालतो का ते तरी बघू. रिमोट दाबला. आणि काय चित्र उमटलं! गवताचं पातं न् पातं दिसावं असं. खोलीत एकच गलका झाला.

तेवढ्यात आतून सासऱ्याची हाक आली, "लावला का रे?"

"लावला, लावला!" जावई त्या आनंदातच ओरडला.

"शाब्बास! जा गं भिंगरे, पळ आता."

आणि पोरगी पायांचा पट् पट् आवाज करत बाहेर आली, ती थेट टीव्हीसमोर.

तेव्हा जावयाच्या डोक्यात उजेड पडला. आपल्या भाषेत टीव्हीही लावतात आणि पट्टाही लावतात, आणि दोन्ही 'लावला'च. म्हाताऱ्यानं विचारलं होतं पट्ट्याचं. यानं सांगितलं टीव्हीचं. इथवर कुणाचाच दोष नाही. पण कळलं ना? त्याच क्षणी कळलं ना? मग तिथंच बोलायचं होतं, "बाबा, टीव्ही लावला, पट्टा राहिलाय." एवढंच वाक्य. पण त्यासाठी सामना बंद करा, शेजाऱ्यांना उठवा, सुताराकडे जा, आणि आत्ताच मिळालेली शाबासकी परत द्या. त्यानं पट्ट्याची पिशवी गुपचूप आपल्या बॅगेत टाकली. उद्या येऊन लावून टाकू, असं ठरवलं, आणि सामना बघत बसला.

उद्या दुकानात माल यायचा होता. परवा काहीतरी वेगळंच निघालं. आणि नंतर खरी अडचण झाली ती निराळीच. आता ड्रिल घेऊन गेला असता तर सासऱ्यानं विचारलं असतं, "कशाला रे?" मग काय सांगायचं? रोज संध्याकाळी सासरी जाताना तो वाट बघायचा, की बाबा कुठं तरी बाहेर गेलेले असतील, तेवढ्यात उरकून टाकू. पण शिंपी माणूस मशीन सोडून जाणार कुठं? भिंगरी टीव्हीच्या काचेला नाक लावून उभी दिसली की तो धावत जायचा. "ए, मागं हो, डोळे बिघडतील," असं म्हणून तो तिला उचलून घ्यायचा. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, काळजी बघा किती.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी भिंगरीनं कपाटाचे कप्पे ओढले आणि जिना चढावा तशी त्यांवर चढली. वर पोचल्यावर धरायला टीव्ही होताच. सासरा खिडकीशी कापड बेतत होता. त्यानं कात्री टाकली आणि झेप घेतली. एका हातानं पोरगी बाजूला ढकलली, ती चादरीच्या घडीवर जाऊन पडली, तिला ओरखडाही नाही. दुसरा हात टीव्ही आणि उघड्या कप्प्याच्या कडेमध्ये सापडला. तो उजवा होता.

जावई दवाखान्यात पोचला तेव्हा प्लास्टर झालेलं होतं. डॉक्टर म्हणत होते की हाडं जुळतील, पण बोटं पहिल्यासारखी वळतील की नाही, ते आत्ताच सांगता येत नाही. सासऱ्यानं कात्रीबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघू. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि मेहुणी लेकीला छातीशी घट्ट धरून रडत होती. जावयाला बघताच ती म्हणाली, "भावोजी, मागं पट्टाच नव्हता. तुम्ही लावला होता ना?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते ऐकून त्याला स्वतःलाच शिसारी आली.

"पट्टा? अगं, मला वाटलं बाबा टीव्हीचं विचारतायत. टीव्ही लावला का, असं. म्हणून मी म्हटलं लावला."

मग सासूबाई नवऱ्यावरच उसळल्या. "तुमचं आयुष्यभर हे असंच! अर्धं पोटात ठेवायचं आणि अर्धं बोलायचं. पट्टा म्हणायला तोंड दुखत होतं?"

"खरं आहे," सासरा म्हणाला. "चूक माझीच. गिऱ्हाईक जर मला म्हणालं, 'इथपर्यंत ठेवा', तर मी त्याला सोडत नाही, कुठपर्यंत ते बोट ठेवून दाखवायला लावतो. आणि मी नुसतं 'लावला का' म्हणून मोकळा झालो. पोराला कसं कळणार?" आणि डाव्या हातानं त्यानं जावयाच्या पाठीवर थोपटलं. "तू कशाला तोंड पाडतोस लेका?"

जावयाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण धरणी काही तेवढी उदार नसते. तो तिथल्या बाकावर बसून राहिला आणि मान हलवत राहिला.

पुढचे दिवस कसे गेले म्हणता! म्हाताऱ्यानं त्या शब्दाची गंमतच करून टाकली. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "एका शब्दानं हात मोडला बघा माझा." घरात नियमच केला, की नुसतं 'लावलं' म्हणायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, दार लावते, तर म्हातारा विचारणार, "कडी का नुसतं ढकललंस?" जावयाची बायको म्हणाली, कुकर लावलाय, तर म्हातारा म्हणणार, "गॅसवर लावलास का फक्त झाकण लावलंस?" सगळे पोट धरून हसायचे. जावईही हसायचा, आणि ताट अर्धं ठेवून उठायचा. रात्री बायको विचारायची, "अहो, जेवत का नाही? तुमची काय चूक त्यात?" तो कूस बदलून घ्यायचा. चोरानं चोरी करावी आणि ज्याच्या घरात केली त्यानंच त्याला जेवायला वाढावं, तसं त्याला होत होतं.

प्लास्टर निघालं. पहिली दोन बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची. एका संध्याकाळी जावई गेला तेव्हा सासरा डाव्या हातात कात्री घेऊन जुन्या चादरीचा तुकडा कापत होता. कात्री उजव्या हाताची, त्यामुळे पाती नीट जुळत नव्हती, कापड कापलं न जाता दुमडत होतं. समोर एक बाई लेकीच्या लग्नाचं कापड घेऊन उभी होती. "दुसरीकडे द्या ताई," सासरा तिला सांगत होता, "माझा हात काही चालत नाही. आणि दोष कुणाला देऊ? मीच नीट विचारलं नाही." बाई हळहळत निघून गेली.

जावई खाली गेला, सुताराकडून ड्रिल मागून आणलं. बॅगेतून पट्टा काढला. ती पिशवी त्या दिवसापासून बॅगेतच होती, एवढं धैर्यसुद्धा झालं नव्हतं की बाहेर काढून घरी ठेवावी. भिंतीला भोक पाडलं, खुंटी ठोकली, स्क्रू पिळला, पट्टा ओढून ताठ केला आणि टीव्ही दोन्ही हातांनी हलवून बघितला. हलला नाही. सासरा जवळ उभा राहून बघत होता.

"लेका, पट्टा लावला का?" त्यानं हसत विचारलं. शब्द मुद्दाम सुटा सुटा करून.

"लावला." जावई तसाच भिंतीकडे तोंड करून बोलला. "बाबा, त्या दिवशीही मला कळलं होतं. तुम्ही पट्ट्याचं विचारत होतात ते. लगेच कळलं होतं. भिंगरी बाहेर आली तेव्हाच. दवाखान्यात मी खोटं बोललो."

खोलीत ड्रिलच्या धुळीचा वास होता. जावई वाट बघत होता. आता शिवी येईल, कानाखाली बसेल, चार माणसांत उभा करून झापतील. यावं. तेच हवं होतं त्याला. मार खाल्लेलं पोर शेवटी घरातलंच असतं.

सासऱ्यानं आपला उजवा हात पुढे धरला. बोटं वळवून बघितली, जिथं थांबायची तिथं थांबली.

"मी तिला तुझ्या शब्दावर खाली सोडली होती," तो म्हणाला.

मग तो हळूच मशीनकडे गेला. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली खुर्ची होती, तिच्यावरचे कपड्यांचे तुकडे उचलले, डाव्या हातानं खुर्ची पुसली आणि पुढे सरकवली.

"बसा," तो म्हणाला. "चहा घेऊन जा. अगं, यांच्यासाठी चहा टाक."

सासूबाई आतून हसत हसत आल्या. त्यांना वाटलं ही नवी गंमत. "हे काय नवीन? पोराला बसा काय म्हणताय?"

"जावयाला बसाच म्हणतात," सासरा म्हणाला, आणि कापडाचे तुकडे घड्या घालून ठेवायला लागला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

सासूबाईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा जावयाकडे, आणि चहा टाकायला गेल्या. जावयाचे हात धुळीनं पांढरे झाले होते. ते पुसायला फडकं मागावं, असं त्याला वाटलं, पण मागवेना. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि चहा येईपर्यंत बसून राहिला.