स्वयंपाकघराच्या खिडकीपुढचं शेपूट

मी केबलचा एक तुकडा बोलतोय. केबलचाच, एवढं तरी खात्रीने सांगता येईल असं वाटतं. बाकी कशाबद्दल मी फारसा ठाम नाही. माझ्या जन्माची हकीकत मी घरातल्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे, की त्यातलं आठवणारं किती आणि ऐकलेलं किती, हे आता वेगळं काढता येत नाही. शिवाय ज्यांनी मला कापलं, त्यांचाही स्वतःवर भरवसा नव्हता. तो गुण माझ्यात तिथूनच आला असावा.

ते गणिताचे निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांना हॅम रेडिओचा नाद. घरात स्वतःचा रेडिओ, छपरावर तारेची अँटेना, आणि त्यावरून दूरदूरच्या आपल्यासारख्याच माणसांशी गप्पा. रेडिओलहरींचे वेगवेगळे पट्टे असतात, त्यांना बँड म्हणतात, आणि प्रत्येक बँडला आपल्या मापाची तार लागते. सरांनी एकेक करत छपरावर इतक्या तारा ताणल्या, की एके दिवशी वाऱ्याने उडालेली चादर त्यांत गुंतली आणि सोडवता सोडवता फाटली. चादर नवी होती. सरांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, त्याच दिवशी निकाल दिला.

"या घरावर एक तार राहील. एकच. दुसरी दिसली की पहिलीही उतरेल."

सरांना तर दोन बँड हवेच होते. जवळच्या माणसांसाठी चाळीस मीटरचा आणि समुद्रापलीकडच्यांसाठी वीस मीटरचा. म्हणून मी जन्माला आलो.

मधोमध तोडून दोन्हीकडे हात पसरल्यासारखी ताणलेली एक तार डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक हाताच्या साधारण मध्यावर केबलचा एक तुकडा जोडून खाली सोडलेला. डावीकडचा मी, उजवीकडचा माझा जुळा. माझ्या पोटात तांब्याची एक तार आहे आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. खालच्या टोकाला या दोघांना मुद्दाम एकत्र डाखलेलं, म्हणजे चक्क शॉर्ट केलेलं. त्यामुळे वीस मीटरच्या लहरी आल्या की मी भिंत होतो, आणि त्यांना माझ्या अलीकडची आखूड तारच काय ती दिसते. चाळीस मीटरच्या आल्या की मी रस्ता होतो आणि सगळी तार कामाला लागते. हे मी कसं करतो ते मला विचारू नका. पण टोक शॉर्ट असलं तरच हे जमतं, ते उघडं पडलं की सगळं उलटं होतं, एवढं मला पक्कं माहीत आहे. म्हणजे माहीत झालं.

मला कापताना सरांनी टेपने मापलं, परत मापलं, आणि मग टेप बरोबर आहे का हे दुसऱ्या टेपने पाहिलं. मी टांगला गेलो तो नेमका स्वयंपाकघराच्या खिडकीपुढे.

"अहो, हे काय लोंबतंय?"

"शेपूट आहे."

"कशाचं?"

"अँटेनेचं."

"अँटेनेला शेपूट असतं?"

"दोन असतात," सर हळूच म्हणाले.

या सगळ्या खटाटोपामागे एक माणूस होता. सरांचा कॉलेजातला बाकावरचा सोबती, पुढे समुद्रापलीकडे स्थायिक झालेला. त्याला सगळे इंजिनिअर म्हणत. फोनवर या दोघांचं संभाषण असं चाले: "बरा आहेस?" "बरा. तू?" "बराच." "ठेवू?" रेडिओवर मात्र दर रविवारी तासभर भांडत. माझ्यावरूनही भांडले. "शेपटं लावून अँटेना होत नाही, माकड होतं," इंजिनिअर म्हणाले होते. माझ्या बाबतीत ते चूक आहेत असं छातीठोकपणे म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मग एकदा इंजिनिअरांचा निरोप आला. ते घर विकून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला चालले होते. उंच इमारत, अँटेना लावायला मनाई. येत्या रविवारी शेवटचं बोलायचं, मग रेडिओ देऊन टाकायचा. संध्याकाळी सर बाईंना म्हणाले, "आता नुसतं 'बरा आहे' उरणार."

नेमके त्या रविवारच्या आदल्या दिवशी बाईंचे धाकटे भाऊ आले. ते इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकघरातला पंखा बघायला आले होते. पंखा दुरुस्त झाला, हात धुतले, खिडकीबाहेर नजर गेली, तर मी. सवयीने त्यांनी खिशातला मीटर काढून माझ्या टोकाला लावला. मीटर जोरात किंचाळला.

"ताई! हे कुणी केलंय? डेड शॉर्ट आहे!"

"यांनीच. दुसरं कोण करणार?"

"अगं, एक दिवस घर पेटेल! भाऊजी शिकलेत खूप, पण हातात पकड दिली की संपलं." आणि त्यांनी माझं डाखलेलं टोक, चांगली चार बोटं, कचकन तोडलं. तार आणि जाळी अलग केली, त्यांवर काळी टेप गुंडाळली. काम इतकं सुबक, की मीच क्षणभर भारावलो. "त्यांना सांगू नकोस हं. उगाच वाईट वाटायचं."

मी ओरडत होतो. पण केबलचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

रविवारी सकाळी सरांनी रेडिओ लावला तर मीटरचा काटा भलत्याच टोकाला. त्यांचा चेहरा उतरला. "माझंच काहीतरी चुकलं असणार." त्यांनी आकडेमोड परत केली. शिडी लावून वरचा सांधा हलवून पाहिला. खाली उतरताना माझ्या टोकाशी थबकले, टेपवरून बोट फिरवलं आणि पुटपुटले, "हे मी इतकं छान केलं होतं?" खूश होऊन पुढे गेले. अख्ख्या अँटेनेत बिघडलेली जागा एकच होती, आणि त्यांनी कौतुक केलं ते नेमकं तिचंच.

बोलायची वेळ जवळ आली. सर हातात हात गुंतवून खुर्चीत बसले होते. बाई पदर खोचून दारात आल्या.

"काय झालं?"

"माकड झालं," सर म्हणाले. "त्याला म्हणू दे माकड. पण म्हणायला त्याला मी ऐकू तर यायला हवा ना."

बाईंनी भावाला फोन लावला, स्पीकर चालू केला. "काय रे, काल त्या शेपटाचं काय केलंस?"

"ताई, सांगू नकोस म्हटलं होतं ना!"

"केलंस काय?"

"शॉर्ट होता. काढला."

सर ताडकन उठले. "शॉर्ट काढलास?"

"आभार नका मानू, भाऊजी. घरचंच आहे."

पुढे सर काय बोलले ते मी इथे सांगत नाही. गणितात ते शब्द नसतात. डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न थंड होतं, ते तापेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. बाईंनी सुरीने माझी टेप उभी चिरली, तार आणि जाळीला वेणी घालावी तसा करकचून पीळ दिला आणि वरून कपड्यांचा चिमटा लावला.

"झालं. जा, बसा."

"पण चार बोटं आखूड झालंय, त्यामुळे..."

"अहो, बसा!"

सरांनी हाक मारली. खरखर. परत हाक. मग खरखरीतून इंजिनिअरांचा आवाज आला.

"लख्ख ऐकू येतोयस रे! समोर बसल्यासारखा! ओव्हर."

"तीच अँटेना आहे! शेपटांची! दोन... नाही, एकाच तारेवर! ओव्हर."

"चालते बाबा तुझी तार. मान्य. ओव्हर."

सरांनी चष्मा काढून पुसला. उभ्या आयुष्यात इंजिनिअरांनी त्यांचं काही मान्य केलं नव्हतं. मग सरांनी गुडघ्याचं विचारलं, तर उत्तर नातवाच्या शाळेचं आलं. बाई कुजबुजल्या, "अहो, तुम्ही गुडघा विचारलात ना?" "तो पहिल्यापासून असाच बोलतो," सर म्हणाले. तासभर चाललं. शेवटी "तू आधी बंद कर", "नाही, तू" असं बराच वेळ झालं आणि मग नुसती खरखर उरली.

त्यानंतर फोनवर "बरा आहेस?" चालू राहिलं. पुढे तेही थांबलं, इंजिनिअर गेले.

मी अजून खिडकीपुढेच आहे. चिमटा गेला, सरांनी टोक परत डाखलं. उन्हाने माझं काळं आवरण तडकलंय आणि पावसाचं पाणी आत शिरतं. सर घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात, "चार बोटं आखूड होती, तरी लख्ख पोचलो!" आणि प्रत्येक वेळी मी ताठ होतो, मग मनातल्या मनात विचारतो, खरंच का? माझी विनंती एवढीच आहे. इलेक्ट्रिशियन आला तर त्याला आधीच सांगा, हा शॉर्ट मुद्दाम आहे.

मागच्या महिन्यात इंजिनिअरांचा मुलगा घरी आला होता. सर आतल्या खोलीत चष्मा शोधत होते. मुलगा स्वयंपाकघरात, माझ्यापासून हातभर अंतरावर, चहाची वाट बघत उभा होता.

"काकू, त्या शेवटच्या रविवारी मी बाबांच्या शेजारीच बसलो होतो. काकांचं एक वाक्यही धड ऐकू आलं नाही. सगळी खरखर. बाबा आपले अंदाजाने उत्तरं देत होते."

बाईंनी गॅस बारीक केला. "अरे, मग लख्ख ऐकू येतंय म्हणाले ते?"

"मीही तेच विचारलं. बाबा म्हणाले, शब्द एक कळला नाही, पण तो मध्येच अडखळून स्वतःलाच दुरुस्त करत होता, म्हणजे तोच होता."