लेना नदीच्या खालच्या अंगाला

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जगातली एकच नदी ठाऊक आहे, कृष्णा. बाकीच्या नद्यांनी निमूट तिच्यासारखं वागावं अशी त्यांची सक्त ताकीद आहे.

आटपाडीकडच्या माळावरचा चारा संपला की ते मेंढरं घेऊन कृष्णाकाठ धरत. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवायचे, बदल्यात ज्वारी द्यायचे. वर डोंगराकडं ज्वारी मूठभर, खाली सांगलीकडं पोत्यानं. यावरून आप्पांनी कायदाच करून टाकला: नदी जाते तिकडं जावं, भाकरी मोठी होत जाते. आता ते माझ्याकडं सांगलीला राहतात, आणि परवा हा कायदा त्यांनी थेट रशियाला लावला.

माझी धाकटी बहीण सोनिया तिकडं लेना नदीकाठी डॉक्टरकी शिकते. शेवटच्या वर्षी तिला एका दवाखान्यात राहून काम करायचंय. जागा दोन, एक नदीच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. तिनं व्हिडिओ कॉलवर आप्पांना विचारलं.

"खालची घे. इचारायचं काय त्यात?"

"आप्पा, ही नदी उत्तरंला जाती. वरच्या अंगाला जंगलं हायती, बटाट्याची शेतं, रेल्वे. खाली जाईल तशी झाडं बुटकी हुत्यात, मग झाडच न्हाई. निस्तं शेवाळ आन् बर्फ. शेवटाला नदी फाटत फाटत गोठलेल्या समुद्रात जाती. हिवाळ्यात तिथं दिवसच उगवत न्हाई."

"समुद्र हाय? मग बंदर आसंल की! कोकणात बघ, मासळी, नारळ..."

मी लाटणं आपटलं. "आवं आप्पा, ती सांगतीया काय, तुमी ऐकताय काय!"

"मंगल, नदी मला शिकवू नगंस. उभा जलम काठानं चाललोय."

नवरा म्हणाला, "आप्पा म्हणतात त्यात तथ्य असेल." कृष्णा मिरजेच्या पुढं कुठं जाते हे ज्याला धड सांगता येत नाही, तोही लेनेवर बोलणार! पोरगी सहा वर्षं त्या नदीच्या काठावर राहतेय, थंडीत गोठलेल्या पाण्यावरून ट्रक जाताना बघतेय, पण तिच्या शब्दाला काडीची किंमत नाही. माझं डोकंच फिरलं.

"सोने, ह्यांचं ऐकू नगंस. वरची घे."

"ताई, मी खालचीच घेणार हाय."

"बघ!" आप्पा मला म्हणाले.

"बंदरासाठी न्हाई, आप्पा. तिथं रेनडियर राखणारी माणसं हायती. आपल्यागत पालं टाकून फिरत्यात. तिथं जायाला एक डॉक्टर तयार न्हाई. समदे वरचीच जागा मागत्यात."

आप्पांचा चेहरा पडला. "मग नगं, बाळ. मंगलचं बराबर हाय. वर जा. रेल्वे हाय तिथं."

"न्हाई."

"आगं, तिथं कोण हाय तुझं?"

"आपल्या पालावर तरी कोण आलं हुतं, आप्पा?"

सोनिया पालावरच जन्मली, पोत्यानं ज्वारी देणाऱ्या सांगलीकडच्याच एका गावाच्या शिवारात. आईचं रक्त थांबेना. आप्पा गावातल्या डॉक्टरच्या दारात हात जोडून उभे राहिले. चिखलात मी यायचा नाही, तिलाच इकडं घेऊन या, असं तो म्हणाला. बैलगाडी मिळेपर्यंत आई गेली होती. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी आठ वर्षांची होते.

त्या माणसाचा राग मी आजवर गिळत आले होते. तो सगळा सोनियावर निघाला. "त्यानं त्याचं काम केलं न्हाई, त्याची भरपाई तू का करायची? ती बी बर्फात, अंधारात? त्या लोकांचं काय देणं लागतीस तू?"

आप्पा खाली मान घालून बसले होते. सोनिया म्हणाली,

"ताई, तिथं बी कुणाची तरी आठ वरसांची मंगल आसंल की गं."

मी पुन्हा लाटणं उचललं. राग मात्र तसूभरही गेला नाही.