लाकडी एल्क आणि दुसरी गोळी

मी एक जुना लाकडी एल्क आहे. खरा एल्क म्हणजे थंड प्रदेशातलं अवाढव्य हरीण; तो घोड्याहून उंच असतो आणि त्याची शिंगं फावड्यासारखी रुंद असतात. मी मात्र प्लायवुडचा आहे. टालबेक गावाबाहेर जंगलात नेमबाजीचं एक मैदान आहे. तिथे मी रुळांवरून धावतो आणि माणसं माझ्यावर गोळ्या झाडतात. मित्रांनो, ऐकून वाईट वाटून घेऊ नका. मला त्यासाठीच बनवलं आहे, आणि ते का, हे मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म येर्द आणि हाल्वार यांच्या गोठ्यात झाला. त्यांच्या लग्नानंतरचा तो पहिला हिवाळा होता. येर्द शिकारी होती. तिने चुलीतला कोळसा घेऊन फळीवर मला काढलं आणि हाल्वारने तिच्या रेघेवरून करवत चालवली. सगळं नीट चाललं होतं, पण नाकापाशी येऊन करवत आत घसरली.

"अरे, नाकच कापलंस की त्याचं!" येर्द ओरडली.

"तू रेघ सरळ काढायचीस ना."

"एल्कचं नाक सरळ असतं होय? आता हा बिचारा जन्मभर बसक्या नाकाचा राहणार. आणि गाव म्हणणार, येर्दने काढलाय!"

ती इतकी हसली की डोळे पुसताना कोळसा तिच्या गालांना लागला. ती दोघं माझ्या डोळ्यांना दिसलेली पहिली माणसं. माझे डोळेही तेव्हाच रंगवले होते.

माझं काम साधं आहे. मैदानाच्या दोन टोकांना मातीचे दोन बांध आहेत. मोटर सुरू झाली की तारेने ओढलेली माझी गाडी एका बांधामागून बाहेर येते आणि थांबते. तेव्हा शिकाऱ्याने पहिली गोळी मारायची. मग मी पळत सुटतो. दुसऱ्या बांधाआड दिसेनासा होण्याआधी त्याने दुसरी गोळी मारायची. माझ्या छातीवर एक गोल काढलेला आहे. खऱ्या एल्कचं काळीज आणि फुप्फुसं तिथे असतात. दोन्ही गोळ्या त्या गोलात लागल्या पाहिजेत. ज्याला हे जमत नाही, त्याला आमच्या गावच्या शिकारी टोळीत बंदूक घेऊन बसायची जागा मिळत नाही. त्याने कुत्रा घेऊन जंगलात फिरावं, नाहीतर शेकोटीवर कॉफी करावी. हा नियम येर्दनेच केला होता.

बांधामागे एक खड्डा आहे. हाल्वार त्यात बसायचा. येर्द गोळी मारायची आणि मग हाल्वार बाहेर येऊन माझ्या भोकावर तपकिरी कागदाचं गोल ठिगळ चिकटवायचा. शिकारीच्या दिवसांत तो कुत्रा घेऊन जंगलात चालायचा आणि ती दलदलीच्या कडेच्या जागेवर एकटीच बसून राहायची. त्यांचा संसार असाच झाला. ती नेम धरायची, तो ठिगळं लावायचा.

माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट एका शरद ऋतूतल्या सकाळी घडली. धुकं होतं. येर्द सरावाला आली होती आणि मी मैदानाच्या मध्ये उभा होतो. तेवढ्यात जंगलातून फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि एक खरा एल्क बाहेर आला. तो चालत चालत माझ्याजवळ आला. मित्रांनो, मी तोवर स्वतःला एल्क समजत होतो. त्याच्या नाकातून वाफ निघत होती. त्याच्या अंगाला चिखलाचा आणि पाल्याचा वास होता. त्याच्या कातडीखाली काहीतरी सतत हलत होतं, जसं पाण्याखाली हलतं. त्याने माझं बसकं नाक हुंगलं. त्याच्या श्वासाने माझा रंग ओला झाला. येर्दने बंदूक खाली ठेवली होती. ती तोंड उघडं टाकून लहान मुलीसारखी बघत होती. तो गेल्यावरही ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. माझ्या अंगावर चुकलेली प्रत्येक गोळी अशा जिवंत अंगावर चुकायची वाचते, हे मला त्या दिवशी कळलं.

वर्षं गेली. माझ्या छातीची फळी पुन्हा पुन्हा बदलली. येर्द दर वसंतात मला रंग द्यायची. पाहुणे आले की टोळीप्रमुख बोर्ये माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "ह्या बसक्याने अख्ख्या गावाला नेम शिकवलाय."

गेल्या हिवाळ्यात येर्द गेली.

त्या वसंतात मला कुणी रंग दिला नाही. बर्फ वितळला आणि त्याचं पाणी माझ्या पायांत मुरलं. गोळी कुठे लागली ते पडद्यावर दाखवणारा नवा यांत्रिक एल्क आता मैदानावर आणावा, असं काहीजण म्हणू लागले. मी बांधाआड उभा राहून ऐकत होतो.

मे महिन्यातल्या एका शनिवारी तीन माणसं मैदानावर आली. हाल्वार, बोर्ये आणि शहरात बंदुकांचं दुकान चालवणारी मायलिस. कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या घातल्या की माणसं ओरडून बोलतात, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

गोष्ट अशी होती. त्याच संध्याकाळी टोळीची बैठक होती आणि शिकारीच्या जागा ठरायच्या होत्या. येर्दची दलदलीकडची जागा बोर्येच्या जावयाला हवी होती. हाल्वारलाही हवी होती. ती जिथे आयुष्यभर बसली, तिथे त्याला एकदा बसायचं होतं. पण हाल्वार कुत्रा फिरवणारा माणूस. त्याच्या खांद्यावर कधीकाळी झाड पडलं होतं, तेव्हापासून त्याचा उजवा हात आखडलेला होता. येर्दच्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर नवं काडतूस आत घ्यायला हाताने बोल्टचा दांडा मागे ओढावा लागतो. तो ओढेपर्यंत मी दुसऱ्या बांधाआड पोचलेला असे. म्हणून मायलिसने दोन अर्धस्वयंचलित रायफली आणल्या होत्या. त्यातली एक पारखून घ्यायची आणि तिच्यावरच परीक्षा द्यायची. ती विकत घ्यायचा परवाना यायला पुढे उन्हाळाभर वेळ होता.

"माझ्याकडे असं बघू नकोस," बोर्ये म्हणाला. "नियम तुझ्याच बायकोचा आहे."

"मी काही म्हटलं का?"

"तोंडाने नाही म्हटलंस."

पहिली रायफल काळी होती. तिचा दस्ता प्लास्टिकचा होता आणि ती वजनाला हलकी होती. दुसरीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा होता आणि ती चांगलीच जड होती. दोन्ही कशा चालतात ते मायलिसने समजावून सांगितलं. गोळी सुटताना मागे जो दाब उरतो, त्यातला थोडासा रायफल स्वतःसाठी ठेवते. त्या बळावर ती रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि नवं आत घेते. माणसाने फक्त पुन्हा चाप ओढायचा. मी थक्क झालो. माझ्या छातीवर एवढी वर्षं जो दणका बसत होता, त्यातला एक घास ती बंदूक खाऊन पुढच्या कामाला लागत होती! हाल्वारचा हात आखडलेला होता, आणि हाताचं काम बंदूकच करणार होती.

हाल्वारने काळी रायफल उचलली. "ही तर झाडूइतकी हलकी आहे."

"म्हणून तर झाडूसारखी उसळते," मायलिस म्हणाली. "जपून."

मी बाहेर आलो आणि थांबलो. पहिली गोळी गोलाच्या मधोमध लागली. मी पळालो. दुसरी गोळी आलीच नाही.

बांधापाशी पोचून मी बघितलं तर हाल्वारने रायफल मेजावर ठेवली होती आणि त्याचा हात कोटाच्या खिशात गेला होता. तो ठिगळं शोधत होता.

बोर्ये हसत सुटला. "अरे म्हाताऱ्या, खड्ड्यात मी बसलोय आज! तू गोळ्या मारायच्यास!"

हाल्वार हसला नाही. "तिला दुसऱ्या गोळीची कधी गरजच पडायची नाही," तो म्हणाला. "सरावाला यायची, एक मारायची. मी लगेच खिशात हात घालायचो. हाताला तेच माहीत आहे."

पुन्हा मी बाहेर आलो. या वेळी त्याने मनाशी ठरवलं होतं. पहिली गोळी लागली. पण हलकी नळी वर उसळली, त्याने डोकं वर करून बघितलं आणि घाईने चाप ओढला. रायफल लगेच तयार होती. तिला घाईच हवी होती. दुसरी गोळी माझ्या पोटात शिरली.

बोर्ये खड्ड्यातून वर आला. त्याने माझ्या पोटावर ठिगळ लावलं. पोटात गोळी लागलेला एल्क जंगलात दिवसभर तडफडत चालत राहतो. हे तिथल्या तिघांनाही माहीत होतं. मला धुक्यातला तो श्वास आठवला.

मग हाल्वारने जड रायफल घेतली. ती खांद्याला चिकटून राहिली, उसळली नाही. पण पुन्हा त्याने डोकं उचललं आणि दुसरी गोळी माझ्या मागून बांधाच्या मातीत गेली.

"द्या ती जागा बोर्येच्या जावयाला," हाल्वार म्हणाला आणि बाकावर बसला. मायलिसने त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला.

"तू तिला गोळी मारताना कधी बघितलंस?" तिने विचारलं.

"रोज तर..." हाल्वार थांबला. "नाही. मी खड्ड्यात असायचो."

"मी बघितलंय. गोळी सुटली की आम्ही सगळे मान वर करून बघतो, लागली का, लागली का. येर्द गाल उचलायची नाही. दस्त्याला गाल तसाच, हाताने बोल्ट ओढलेला, दुसरी गोळी तयार. तुझा हा लाकडाचा ठोकळा बांधाआड जाईपर्यंत ती त्याच्यावरून नजर काढायची नाही. दुसरी मारायला लागली नाही, कारण ती रोज दुसरीसाठी तयार होती."

मित्रांनो, हे मला माहीत होतं. मी एकट्यानेच तिला समोरून बघितलं होतं. काळा ठिपका म्हणजे नळी, त्याच्यामागे तिचा एक डोळा. मी नजरेआड होईपर्यंत तो माझ्याबरोबर चालायचा. पण लाकडाला बोलता येत नाही.

हाल्वारने कॉफी संपवली. "ती जडवाली दे."

"दलदलीपर्यंत चालत जायचंय तुला तिच्यासकट," बोर्ये खड्ड्यातून ओरडला.

"मग माझी पिशवी तू घे."

"घेतो! आधी मार तर!"

मी बाहेर आलो, थांबलो. दणका बसला. मी पळालो. पळताना मी बघितलं, तर नळी माझ्याबरोबर येत होती आणि तिच्यामागे एक डोळा होता. दुसरा दणका बसला. पहिल्या भोकाशेजारीच. तरीही तो डोळा हलला नाही. मी बांधाआड गेलो तोवर हाल्वारचा गाल दस्त्यावरच होता.

बोर्येने खड्ड्यातून बाहेर येऊन दोन भोकांवर दोन बोटं ठेवली आणि नाक ओढलं. "जावयाला सांगतो," तो म्हणाला. "कॉफी चांगली करतो तो."

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी एल्कची शिकार सुरू झाली. मैदानावर कुणीच नव्हतं. सकाळी दूर जंगलात कुत्रा भुंकला. मग दलदलीकडून एका गोळीचा आवाज आला. मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिलो. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी हाल्वार आणि बोर्ये रंगाचा डबा घेऊन माझ्याकडे आले. हाल्वार डबा मांडीवर घेऊन माझ्यासमोर ओंडक्यावर बसला.

"तो पाण्यातून आला, बोर्ये," तो म्हणाला. "सकाळचं धुकं सोनेरी झालं होतं आणि तो त्यातून आला. आधी शिंगं, मग तो. गोळीनंतर गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. मी गाल उचलला नाही. तो शांत होईपर्यंत नाही उचलला. त्याच्याभोवतीचं पाणी परत स्थिर झालं, ते पण बघितलं."

"हं."

"मला वाटायचं, ती तिथे नुसती थंडीत बसते. घरी आली की म्हणायची, आज छान होतं. मी विचारायचो, काय छान होतं? ती म्हणायची, काय सांगू." त्याने डोळे पुसले. "एवढं सगळं ती बघायची. आणि मी नुसतं विचारायचो आणि जेवायला बसायचो."

मग त्याने मला रंग दिला. पाठ, पोट, पाय. नाकापाशी येऊन तो थांबला. बोर्ये म्हणाला, "नवा तुकडा जोडून देऊ का? बसका दिसतो."

"राहू दे तसाच," हाल्वार म्हणाला.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. पुढच्या वर्षी तो नवा यांत्रिक एल्क येईलही कदाचित. तो आला तरी मला पावसात टाकू नका, कोरड्या जागी ठेवा. आणि तुम्ही कुठलंही यंत्र घ्या, हलकं घ्या की जड घ्या, ते हाताचं काम करील, डोळ्याचं करणार नाही. ज्याच्यावर तुमची गोळी जाणार आहे, त्याच्यावरून शेवटपर्यंत नजर काढू नका. आणि तुमच्या घरातलं माणूस बाहेरून येऊन म्हणालं, आज छान होतं, तर जेवायला बसायच्या आधी त्याच्याकडे थोडा वेळ बघा.