मला विचारल्याशिवाय दाबू नकोस

काकूंनी सकाळी कॉम्प्युटर लावला तेव्हा आकडा चार हजारांच्या पुढे गेला होता.

हा आकडा नानांच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर अगदी तळाशी असे. आदल्या दिवसभरात किती माणसं येऊन गेली, ते तो सांगे. नाना होते तेव्हा रोज तीस, फार तर चाळीस. त्यांच्यानंतर दोन वर्षं काकूंनी साइट चालू ठेवली, तेव्हाही तेवढीच. मग गेल्या तीन महिन्यांत आकडा चढायला लागला. आधी शंभर झाला, पुढे हजार. काकूंनी कौतुकाने पुतणीला फोन करून सांगितलंही होतं, "लोक अजून विसरले नाहीत हो ह्यांना."

साइट टाइपरायटरची होती. नानांनी चाळीस वर्षं कचेऱ्यांमधले टाइपरायटर दुरुस्त केले. कचेऱ्यांत कॉम्प्युटर आले आणि टाइपरायटर जिन्याखाली गेले, तेव्हा त्यातले एकवीस नानांनी घरी आणले आणि बासष्टाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकून त्यांच्यासाठी साइट काढली. "ज्याने घर बुडवलं, त्याच्याकडेच भाड्याने राहतोय," असं ते म्हणत. प्रत्येक मशीनचा फोटो, त्याचा आवाज, त्याची दुखणी. शिवाय एक नोंदवही. तिच्यात कुणीही प्रश्न लिहावा, नानांनी उत्तर द्यावं. अकरा वर्षांत अडीच हजार उत्तरं साचली होती. बहुतेक उत्तरांचा शेवट ठरलेला असे: आधी स्वच्छ करा, मग बोलू.

काकूंना नानांचं हस्ताक्षर कसंबसंच लागे आणि फोटोत ते नेहमी कॅमेऱ्यामागे. माणूस राहिला होता तो नोंदवहीत. रोज सकाळी चहा घेऊन त्या जुनं एखादं पान उघडत आणि मग आलेल्या प्रश्नांना उत्तरं देत.

उत्तरं देत, म्हणजे नाना म्हणून देत.

हे कसं सुरू झालं ते काकूंनाही नीट सांगता आलं नसतं. नाना दवाखान्यात होते तेव्हा एका माणसाचा प्रश्न पडून होता: ओळीच्या शेवटी घंटा वाजत नाही, काय करू? हा माणूस चौतीस वर्षं कोर्टात टाइपिस्ट होता. नाना त्याला शिरस्तेदार म्हणत आणि त्याला ते आवडे. नानांनी पडल्या पडल्या उत्तर सांगितलं, काकूंनी ते औषधाच्या बिलामागे उतरवून घेतलं. मग दोन दिवसांत नाना गेले. माणसं आली, गेली. चौथ्या दिवशी पर्समध्ये बिल सापडलं तेव्हा काकूंनी ते उत्तर नोंदवहीत टाकलं. दुसऱ्या दिवशी शिरस्तेदारांचे आभार आले आणि सोबत नवा प्रश्न. त्याचं उत्तर नानांच्या दुरुस्तीच्या कागदी वहीत होतं. काकूंनी तेही टाकलं. सांगायचं ते आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता राहून गेलं.

त्या सकाळी शिरस्तेदारांचं ईमेल आलं होतं. "नाना, तुमच्या साइटवर चौकट आली की, या पानाचा फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, इथे दाबा. तुमचा फॉन्ट म्हणून मी दाबलं. तेव्हापासून माझी एकही फाइल उघडत नाही. सगळ्यांना कुलूप, आणि पडद्यावर पैशाची मागणी. सौ.चे सगळे फोटो त्यात आहेत. काय करू?"

काकूंना अशी चौकट कधी दिसली नव्हती. त्यांनी पुतणीला फोन लावला. पुतणी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होती, चाळिशीची, तोंडाने फटकळ.

"थांब, इथूनच बघते," ती म्हणाली. मग फोनवर तिच्यामागे कुणीतरी ओरडल्याचं ऐकू आलं.

"अगं, आहेस ना?"

"काकू, तुझी साइट उघडली आणि आमच्या बँकेत बोंबाबोंब झाली. कुणीतरी आत शिरलंय. येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात व्हायरस मारतंय. तू मालकिणीच्या दाराने आत जातेस, म्हणून तुला दाखवत नाही. लबाड असतात."

"पण माणसं तर केवढी येतायत!"

"माणसं नाहीत ती. त्यांनीच ढकललेली गर्दी आहे." पुतणीचा आवाज जरा खाली आला. "शेवटचं अपडेट कधी केलंस?"

पडद्याच्या कडेला नानांनी चिकटवलेली पिवळी चिठ्ठी होती. चिकटपट्टी दोनदा बदलली होती, चिठ्ठी तीच. मला विचारल्याशिवाय अपडेट दाबू नकोस. एकदा काकूंनी ते दाबलं होतं आणि एकवीस मशीनचे फोटो उलटेपालटे झाले होते. नाना तीन दिवस धुसफुसत होते. त्यानंतर ही चिठ्ठी आली. दोन वर्षांत एकतीस अपडेट आली. काकूंनी एकतीस वेळा 'नंतर' दाबलं.

"हे म्हणाले होते, विचारल्याशिवाय..."

"आता कुणाला विचारणार होतीस?" पुतणी म्हणाली आणि लगेच तिलाच वाईट वाटलं. "बरं, ऐक. मी सांगते तिथे जा. 'साइट बंद करा' असं बटण आहे, ते दाब. संध्याकाळी येते, नोंदवही उतरवून घेते, मग सगळं पुसून नव्याने बसवू. फक्त आत्ता बंद कर. हो?"

"हो."

काकूंनी बटण शोधलं. लाल होतं. खाली लिहिलं होतं: तुमची खात्री आहे ना? त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, माउसवरचा हात काढून घेतला आणि ठरवलं की संध्याकाळी पुतणी आल्यावर तिच्यादेखत करू. तेवढ्या आठ-नऊ तासांनी काय होतंय?

संध्याकाळी पुतणी आली तेव्हा साइट उघडत नव्हती. साइटला जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीने दुपारी कुलूप घातलं होतं. नानांच्या ईमेलमध्ये, जाहिरातींच्या ढिगात, कंपनीच्या तीन नोटिसा सापडल्या. तुमच्या जागेवरून व्हायरस पसरतो आहे. साफ करा. न केल्यास बंद करू आणि बंद केल्यापासून पाचव्या दिवशी सगळं पुसून टाकू. पहिल्या नोटिशीला महिना झाला होता.

"सकाळी बंद केली नाहीस?"

"नाही."

पुतणीने बॅग खुर्चीवर टाकली आणि कंपनीला फोन लावला. फोनवरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, आम्ही जागा दोन तासांसाठी उघडून देऊ, काय उतरवायचं ते उतरवून घ्या. फक्त मालकाने स्वतः बोलावं आणि ओळख पटवावी.

"मालक वारले आहेत," पुतणी म्हणाली.

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

फोनवर टकटक ऐकू आली. "मॅडम, दोन महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः भाडं भरल्याचं कळवलंय. खाली नाव आहे. तुमचा आभारी, असंही लिहिलंय."

पुतणीने फोनवर हात ठेवला आणि काकूंकडे वळली. "काकू, तू काकाच्या नावाने पत्रव्यवहार करतेस? अजून कुठे कुठे जिवंत आहे तो?"

काकूंनी सांगितलं. सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

वारसाचे कागद पाठवता येतील, कंपनीचा माणूस म्हणाला. तपासायला पंधरा दिवस लागतात, कामाचे. पुसण्याची तारीख पुढे ढकलता येत नाही, ते मशीन आपोआप करतं. पुतणीने आवाज चढवला, मग विनवलं, मग त्याच्या साहेबाशी बोलली. साहेबही सभ्य होता. कागद तरी पाठवले. नानांच्या टेबलाच्या खणात एक पेन ड्राइव्ह सापडला. त्यात एकवीस मशीनचे फोटो आणि आवाज होते. नोंदवही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुतणी शांत होऊन आली. "ते गेलं तर गेलं. पण ज्यांनी ती चौकट दाबली, त्यांना सांगायलाच हवं. त्यांच्या मशीनमध्ये ते अजून बसलेलं असेल."

नानांच्या वहीत दोनशे चौदा जणांचे ईमेलचे पत्ते होते. पुतणीने मजकूर लिहून आणला होता: काय झालं, काय करायचं, काय करायचं नाही. काकूंनी तो वाचला.

"खाली कुणाचं नाव घालू?"

"तूच ठरव. पण ह्या पत्रावर लोकांनी विश्वास ठेवायला हवा. चोरही असंच लिहितात."

काकू तासभर पडद्यासमोर बसून राहिल्या. मग त्यांनी मजकुराच्या आधी चार ओळी घातल्या. नाना दोन वर्षांपूर्वी अमुक तारखेला गेले. त्यानंतरची सगळी उत्तरं मी, त्यांच्या पत्नीने, लिहिली. हे आधीच सांगायला हवं होतं. अपडेट मी केली नाहीत, त्यामुळे हे घडलं. तारीख लिहिताना त्यांनी ती दोनदा तपासली.

साठेक उत्तरं आली. बहुतेकांनी सांत्वन केलं, एकाने शिव्या दिल्या. शिरस्तेदारांनी लिहिलं नाही. त्यांनी पत्राखाली घरच्या पत्त्याशेजारी दिलेल्या नंबरवर फोन केला.

"मी कोर्टातला टाइपिस्ट बोलतोय," ते म्हणाले. आवाज काकूंनी पहिल्यांदाच ऐकला. वाटला त्यापेक्षा म्हातारा होता.

"तुमचं फार नुकसान झालं. माझ्यामुळे. फोटो..."

"फोटोंचं बघू. मला एक सांगा. मागच्या वर्षी मी लिहिलं होतं, आमच्या सौ.ची वाचा गेलीय, डोळे उघडे असतात पण ओळख देत नाही. त्यावर उत्तर आलं होतं की तिच्या उशाशी टाइप करत बसा. जन्मभर तुमच्या टाइपिंगचा आवाज ऐकलाय तिने, तो ती ओळखेल. मी सात महिने बसलो. ती जाईपर्यंत बसलो. ते कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"त्यात लिहिलं होतं, माझी बायको आतल्या खोलीतून आवाज ऐकूनच सांगते, कुठलं मशीन चाललंय."

"ते खरंय. मी सांगायचे."

"म्हणजे तुम्ही, तुमच्याबद्दल, त्यांच्या तोंडून?"

"हो."

"बाई, मी कोर्टात जन्म काढला," ते म्हणाले, "लोक खोटं बोलतात त्याचं मला काही नाही. पण मी इतकी वर्षं एकाच माणसाशी बोललो. दुसरं कुणी नव्हतं मला. आता निम्मं कुणाशी बोललो तेच कळेना." त्यांनी फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी कंपनीने साइट पुसली. काकूंनी सवयीने पत्ता घातला. पांढरं पान आलं, त्यावर लिहिलं होतं की ही जागा उपलब्ध आहे. त्यांनी चहा नेऊन मोरीत ओतला.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. पत्ता टाइप केलेला होता, अक्षरं एका रेषेत, एकही खोडतोड नाही. आत सुतळीने बांधलेला गठ्ठा आणि वर एक कागद.

"कोर्टातली सवय म्हणून मला आलेलं नोंदवहीतलं प्रत्येक उत्तर मी त्या त्या दिवशी छापून फाइल करत आलो. आपण कळवलेल्या तारखेप्रमाणे दोन गठ्ठे केले. त्या तारखेआधीची एकशे बारा उत्तरं त्यांची. ती मी ठेवून घेतली आहेत. त्यानंतरची सत्त्याऐंशी आपली. ती परत करत आहे."

काकूंनी तो कागद पुतणीला वाचून दाखवला.

"काकाची तेवढीच उरलीयत जगात," पुतणी म्हणाली. "मागून घे त्यांच्याकडून. झेरॉक्स तरी."

"कुठल्या तोंडाने मागू?"

पुतणी गेल्यावर काकूंनी सुतळी सोडली. तारखेवार लावलेलं होतं, सगळ्यात जुनं वर. ते त्यांनी वाचायला घेतलं.

"घंटा वाजत नसेल तर घंटा बदलू नका. तिला काही झालेलं नसतं. तिच्यावर आपटणारा छोटा हातोडा असतो, तो तेल पिऊन जड होतो. तुम्ही तेल फार घालता, कोर्टात फुकट मिळत असेल. आधी स्वच्छ करा, मग बोलू."

तारीख नाना गेल्यानंतरची, चौथ्या दिवशीची होती. शिरस्तेदारांनी नियमाप्रमाणे लावलं होतं. चूक त्यांची नव्हती. काकूंनी ते दोनदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं. कोर्टात फुकट मिळत असेल, या वाक्यावर नाना स्वतःच हसले होते आणि त्यांना खोकला लागला होता. नर्स येऊन दोघांना रागावली होती.

हा कागद ठेवून घेतला असता तरी कुणाला कळलं नसतं.

काकूंनी खिडकीजवळच्या मशीनवरचं कापड काढलं, कागद चढवला आणि ते उत्तर अक्षर न् अक्षर टाइप केलं. त्यांचा हात कच्चा होता. सहा ओळींना पाऊण तास लागला. नक्कल त्यांनी नानांच्या वहीत ठेवली. मग दुसरा कागद चढवला.

"हे उत्तर त्यांचं आहे. दवाखान्यात त्यांनी सांगितलं, मी नंतर टाकलं. आपल्या गठ्ठ्यात शेवटी लावावं. एकशे तेरा."

खाली त्यांनी पेनने स्वतःची सही केली, तो कागद मूळ उत्तराबरोबर पाकिटात घातला आणि पोस्टात गेल्या.

"साधं की रजिस्टर?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"रजिस्टर. पोच हवी."

पोच आठव्या दिवशी आली. तिच्यावर तारीख होती आणि शिरस्तेदारांची सही होती. बाकी काही नव्हतं.