दोन लाख एकतीस हजार

वर्षाराणी जुन्या गाड्या तपासून द्यायची. नांदेडात कुणी वापरलेली गाडी घ्यायला निघाला की आधी तिला फोन करायचा. ती जाऊन गाडी बघायची, चालवायची आणि घ्यावी की नाही, घ्यायची तर कितीला, हे सांगायची. वेगाच्या गाड्या असल्या तर हमखास तिलाच बोलावणं यायचं. टर्बो इंजिनच्या या गाड्या मोठ्या शहरांतले हौशी लोक पाच-सात वर्षं पळवतात आणि मग त्या मराठवाड्यात विकायला येतात.

विकणाऱ्याला वर्षाराणी नकोशी असायची आणि घेणाऱ्याला अर्ध्या दिवसापुरती हवी असायची. वय छत्तीस. गाव मुखेडजवळचं, पण तिथं जाणं जवळपास बंद झालेलं. पोरीनं गाडीखाली झोपून काम करावं हे भावांना कधीच पटलं नाही. तरोडा नाक्याजवळच्या एका खोलीत ती एकटी राहायची. कधी कधी रविवारी आपण सकाळपासून एक शब्दही बोललो नाही, हे तिला संध्याकाळी दूध आणायला गेल्यावर कळायचं.

हे काम तिला लातूरच्या चन्नबसप्पांनी शिकवलं होतं; ती त्यांना अप्पा म्हणायची. आयटीआय करून ती चार गॅरेजांत फिरली, चारही ठिकाणी नाही म्हणाले. चन्नबसप्पांनी मात्र हातात पाना दिला आणि म्हणाले, "कामाला लाग." त्यांच्याकडे ती सात वर्षं होती. दुपारी त्यांची बायको गुरम्मा तिलाही ताट वाढायची. पुढं अप्पांनी गॅरेज बंद करून जुन्या गाड्यांचा धंदा काढला, आणि वर्षाराणी नांदेडला आली. गुरम्मा गेली तेव्हा ती दहाव्याला जाऊन आली होती. त्यालाही दीड वर्ष झालं होतं.

जूनमध्ये हरिओम नावाच्या एका प्राध्यापकाचा फोन आला. लातूरला एक लाल गाडी आहे, परदेशी कंपनीची, टर्बो पेट्रोल, अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर चाललेली. पत्ता ऐकल्यावर वर्षाराणी म्हणाली, "सर, ते माझे उस्ताद हायेत. त्यांची गाडी मी तपासणं बरं दिसत न्हाई."

"मग तर चांगलंच की," हरिओम म्हणाला. "तुमच्याशी खोटं कोण बोलणार?"

तिलाही अप्पांना भेटायचं होतं. तिनं सकाळची एसटी धरली.

अप्पा औसा रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटेच बसले होते. तिला बघून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग उतरला. का, ते तिला तेव्हा कळलं नाही.

"तू कशी काय आलीस?"

"लाल गाडी बघायला. नांदेडच्या सरांनी पाठवलं."

"असं होय," अप्पा म्हणाले आणि चहा टाकायला उठले. साखर स्टोव्हवर सांडली.

चहा झाल्यावर ती गाडीकडे गेली. रंग चकचकीत होता, टायर नवे होते. तिनं दार उघडलं आणि आधी ड्रायव्हरची सीट बघितली. दाराकडची कड पार बसली होती. स्टीअरिंगचं चामडं दोन्ही बाजूंनी काचेसारखं गुळगुळीत झालं होतं, ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड दिसत होतं. समोरच्या काचेवर ऊन तिरपं पडलं तेव्हा बारीक बारीक टोचे दिसले. असे टोचे वर्षानुवर्षं हायवेवर पळल्याशिवाय पडत नाहीत.

तिनं इंजिन चालू केलं. आवाज स्वच्छ होता. औशाच्या दिशेनं ती दहा-बारा किलोमीटर गेली. तिसऱ्या गिअरला पाय दाबला की गाडी पाठीला धक्का देऊन निघायची, मागं धूर नाही, खड्ड्यातून काढली तरी खडखड नाही. क्लच तेवढा संपत आला होता. गाडी खूप चालली होती, पण ती कुणीतरी वेळच्या वेळी ऑइल बदलून, जीव लावून चालवली होती. वर्षाराणीला गाडी आवडली.

परत आल्यावर तिनं स्कॅनर जोडला. अशा गाड्या चाललेलं अंतर मीटरशिवाय आणखी एक-दोन ठिकाणी लिहून ठेवतात, आणि मीटर मागं फिरवणारा सगळीकडचं पुसत बसत नाही. ब्रेकच्या कॉम्प्युटरमध्ये आकडा होता दोन लाख एकतीस हजार.

तिनं आकडा पुन्हा एकदा वाचला. मग उतरली.

"अप्पा, मीटर कुणी फिरवला?"

अप्पांनी मान वर केली नाही. "हैदराबादचा एक माणूस येतो. मीच सांगितलं त्याला."

"गाडी चांगली हाय, अप्पा. खरा आकडा सांगून इकली असती तर मीच घ्या म्हणले असते."

"तू म्हणली असतीस. पण दोन लाख ऐकलं की माणूस फोनच ठेवून देतो. चार महिने उभी होती ही. कुणी दारसुद्धा उघडून बघितलं न्हाई."

"तुम्हीच शिकवलं की, आकड्याला हात लावायचा न्हाई म्हणून."

"शिकवलं," अप्पा म्हणाले. "तवा घरी गुरम्मा होती. दिवसभर काय केलं ते ती रात्री विचारायची, अन् मला सांगावं लागायचं. आता कोण विचारतं?"

शेजारच्या टायरच्या दुकानात हवा भरण्याचं मशीन सुरू झालं आणि बंद झालं.

"एवढ्या गाडीपुरतं गप ऱ्हा," अप्पा हळू म्हणाले. "परत न्हाई करणार."

सात वर्षांत त्यांनी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "न्हाई जमणार, अप्पा." आणि स्कॅनर पिशवीत भरायला लागली.

बसस्टँडवरून तिनं हरिओमला फोन केला. खरा आकडा सांगितला, इंजिन उत्तम आहे, क्लच बदलावा लागेल आणि मागतात त्यापेक्षा तीन लाख कमी दिले तर गाडी घेण्यासारखी आहे, हेही सांगितलं.

"ज्यानं मीटर फिरवला त्याच्याकडून मी स्क्रूसुद्धा घेणार नाही," हरिओम म्हणाला.

"सर, तेवढं नाव कुठं सांगू नका. म्हातारा माणूस हाय."

तो बघू म्हणाला. दोन दिवसांनी गाड्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिला हरिओमनं टाकलेला अप्पांच्या शेडचा फोटो दिसला. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. तिनं थोडं वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

अप्पा तिचे फोन उचलेनात. महिन्याभरानं ती लातूरला गेली तर शेडला कुलूप होतं. टायरवाल्या व्यंकटीनं सांगितलं, "उदगीरला गेले, लेकीकडं. लाल गाडी देगलूरच्या एका कंत्राटदारानं नेली. अप्पांनी मीटर परत खरा करून घेतला होता. काचेवर आकडाबी लावला होता, हा एवढा मोठा."

तिथंच उभं राहून तिनं पुन्हा फोन लावला. या वेळी अप्पांनी उचलला.

"अप्पा, माझ्यामुळं झालं हे सगळं."

"तुझं काय चुकलं न्हाई," अप्पा म्हणाले. "पण तुझ्याशी बोललं की मला माझीच लाज वाटते, पोरी. थोडे दिवस फोन करू नको. मी करीन."

"हाव," ती म्हणाली.

पोळा झाला, दिवाळी झाली. फोन आला नाही. ती उमरीला गेली, परभणीला गेली, लोकांच्या गाड्या चालवून बघितल्या, आकडे सांगितले आणि खोलीवर परत आली.

जानेवारीत एका कामासाठी तिला उदगीरला जावं लागलं. काम लवकर उरकलं, बसला दीड तास होता. अप्पांच्या लेकीचं, शिवानीचं घर तिला माहीत होतं. ती चालत गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. अप्पा दारासमोर उन्हात खुर्ची टाकून शेंगा फोडत बसले होते. अंगात स्वेटर, बारीक झालेले. मधेच त्यांनी मान वर करून गल्लीकडे बघितलं. तेवढ्या लांबून त्यांना दिसलं की नाही, तिला कळलं नाही. त्यांनी हात वगैरे काही केला नाही. पुन्हा मान खाली घालून ते शेंगा फोडायला लागले.

'मी करीन' असं ते म्हणाले होते. ती आणखी थोडा वेळ थांबली, मग स्टँडकडे वळली. नांदेडची बस लागलेली होती, आत तीन-चारच माणसं होती. तिनं खिडकीजवळची जागा धरली आणि पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. नांदेडपर्यंत ती उचलायला कुणी सांगितलं नाही.