ओटिसचा जिना

वर्लिननं, माझ्या नवऱ्यानं, जिन्यावरचा जुना गालिचा उपटला, खालचं ओकचं लाकूड घासून त्यावर व्हार्निश चढवलं आणि जिन्याची घसरगुंडी करून ठेवली. आमच्या डुलुथ शहरातल्या थंडीत बूट दारातच काढायचे, म्हणजे घरभर पायांत लोकरीचे मोजे. फेब्रुवारीत मी धुण्याची टोपली घेऊन पाठीवर आपटत खाली आले. माकडहाडाला असा मार बसला की महिनाभर उशी घेऊन बसत होते.

"पायऱ्यांवर काहीतरी खरखरीत लाव," म्हटलं, तर म्हणतो, "एवढं देखणं लाकूड झाकू? तू जरा बघून चालत जा."

काल आमचा म्हातारा कुत्रा ओटिस दोन पायऱ्या घसरला. त्याला खरचटलंही नाही. वर्लिन तसाच गाडी काढून दुकानात गेला आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक पायरीवर गालिच्याची पट्टी चिकटवून मोकळा झाला.

"आता तूही निर्धास्त उतर," तो मला म्हणाला. "निदान थँक्यू तरी म्हण."

"म्हणते की."

जेवायला बसल्यावर मी त्याच्या ताटातला बीफचा मोठा तुकडा उचलला आणि ओटिसच्या भांड्यात टाकला.

"थँक्यू रे राजा," मी कुत्र्याला म्हटलं. "माझ्या पडण्याला या घरात किंमत नव्हती."