कुंपणाकडचा वाफा

आईच्या आजारपणात कुंपणालगतच्या वाफ्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. आई गेल्यावर तिथे रान माजलं. मोठी याच घरात राहायची; घरी आणि बाजारातल्या आपल्या छोट्या दुकानात शिवणकाम करायची. सगळं उपटून टाकावं म्हणून ती एका सकाळी खाली बसली, तर धाकटी बहीण रानफुलांचं पुस्तक घेऊन दारात हजर.

"थांब गं ताई. आधी बघू तरी काय काय उगवलंय."

मग ती रोजच येऊ लागली. पुस्तकातली चित्रं आणि समोरची फुलं ताडून बघता बघता मोठीचा चहा गार व्हायचा. निळा, दुपारपर्यंत मिटणारा केना. उंच देठावरची एकदांडी. आंबुटीचं पान धाकटीने चावून बघितलं आणि लहानपणी करायची तसं तोंड वाकडं केलं. मोठीने दोन वर्षं आईचं हगणंमुतणं काढलं, तेव्हा धाकटी सणावाराच्या पाहुणीसारखी यायची. पण आता तिने ते सगळं मनातून काढून टाकलं.

तीन आठवड्यांनी एक जोडपं आलं. नवरा टेप लावून कुंपण मोजू लागला.

"काय हवंय?" मोठीने विचारलं.

"घर घेतोय ना आम्ही. गाडी इथे लावता येईल का, बघत होतो. तुमच्या बहिणीने सांगितलं नाही?"

मोठीने धाकटीकडे पाहिलं. ती पुस्तकाची पानं उलटत होती, पण वाचत नव्हती.

जोडपं गेल्यावर ती म्हणाली, "आईने घर माझ्या नावावर केलं होतं. आजारी पडली त्याच वर्षी."

"सही कुणी घेतली?"

धाकटीने पुस्तक मिटलं.

"रोज इथे बसत होतीस. एक दिवस तरी सांगायचंस."

"सांगायलाच यायचे गं. तू फुलांत इतकी रमायचीस, की माझं तोंडच उघडायचं नाही."

"म्हणजे माझंच चुकलं," मोठी म्हणाली आणि आत गेली.

महिन्याभरात तिने दुकानामागची खोली राहण्याजोगी करून घेतली. सामान हलवायच्या दिवशी धाकटी आली. मोठीने तिला परत पाठवलं नाही, कारण शिलाई मशीन एकटीला उचलेना. दोघींनी दोन बाजूंनी धरून ते टेम्पोत चढवलं.

धाकटीने हात झटकले. "ताई, मी येत जाऊ ना?"

"दुकान दहाला उघडतं," मोठी म्हणाली. "इतर गिऱ्हाइकं येतात तशी ये."